बॅरिस्टर पुतण्याच्या नावापुढे काय छापावं?

सोलापूरच्या एका काकांचा प्रश्न आहे: पुतण्या लंडनहून बॅरिस्टर होऊन आलाय, लग्नपत्रिका छापायला टाकायचीय. नावापुढे ‘बॅ.’ घालू की ‘ॲड.’? आणि हे सगळे शेवटी वकीलच ना?

काका, ‘वकील’ मूळ अरबी, अर्थ प्रतिनिधी. पेशवाईत वकील दुसऱ्याच्या दरबारी असे, कोर्टात नव्हे. ‘बॅरिस्टर’मधला ‘बार’ म्हणजे कठडा. लंडनच्या लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल या चार संस्थांपैकी एकीने ‘बारला बोलावलं’ की माणूस बॅरिस्टर. गांधीजींच्या वेळी परीक्षांखेरीज बारा सत्रं भरावी लागत. सत्र भरणं म्हणजे संस्थेच्या पंगतीला दर सत्रात किमान सहादा जेवायला बसणं! (पंगतीत कडक भाकरी-शेंगाचटणी असती तर निम्मं सोलापूर बॅरिस्टर झालं असतं.) सावरकर परीक्षा पास झाले, पण ग्रेज इनने त्यांना बोलावलंच नाही. तरी आपण ‘बॅ. सावरकर’ लिहीत आलो.

मला यातच गंमत वाटते. ‘वकील झाला’ म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या कोर्टात? ‘बॅरिस्टर झाला’ म्हटल्यावर कोणी विचारत नाही. मराठीत तो धंदा नाही, किताब आहे. जुन्या बोलीत तर ‘बालिष्टर’. नाथ पै लोकसभा गाजवत होते तरी बॅरिस्टरच. अंतुले आणि बाबासाहेब भोसले हे लागोपाठचे दोन मुख्यमंत्री, त्यांचंही ‘बॅ.’ सुटलं नाही. खुद्द इंग्लंडातही बोलावणं आलं म्हणून वकिली करता येत नाही. आधी साधारण वर्षभर उमेदवारी करावी लागते. ती न करता कंपनीत, सरकारी खात्यात किंवा शिकवण्यात रमणारे पुष्कळ.

‘ॲड.’ मात्र कायद्याचा शब्द. १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनुसार नुसत्या बॅरिस्टरकीवर नोंदणीची सोय ३१ डिसेंबर १९७६पर्यंत बारला बोलावलेल्यांपुरती आहे. नंतरच्यांना मान्यताप्राप्त कायद्याची पदवी आणि बार कौन्सिलची सनद लागतेच.

तेव्हा छापखान्यात जाण्याआधी पुतण्याला एवढंच विचारा: सनद घेतलीस का? घेतली असेल तर ‘ॲड.’ छापा. नसेल तर ‘बॅ.’ बिनधास्त, पण ‘ॲड.’ नको, मांडवात जिल्हा कोर्टातले चार वकीलसाहेब असणारच, आणि ते पत्रिका नीट वाचतात.