वाचकांचे प्रश्न: घरच्या शाळेतलं गणित आणि विज्ञान

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनला राहतो. मुलगी घरीच शिकते. आठवी संपताना तिचा अल्जिब्रा १ पूर्ण होईल. तिला इंजिनिअरिंगला जायचंय. पुढच्या चार वर्षांत गणित आणि विज्ञान कोणत्या क्रमाने घ्यावं?

उत्तर: बारावीपासून मागे मोजत या. इंजिनिअरिंगच्या अर्जात कॅल्क्युलस असलेलं बरं. म्हणून नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा २, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस. तुमची लेक अगदी वेळेत आहे. ज्यांचा अल्जिब्रा १ नववीपर्यंत लांबतो, त्यांना दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ जोडीने घेता येतात. कच्चा अल्जिब्रा घेऊन पुढे पळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

गाडी अडते ती बहुधा जॉमेट्रीनंतर. वर्षभर प्रमेयं सोडवताना अवयव पाडणं, अपूर्णांक, घातांक यांचा सराव सुटतो आणि अल्जिब्रा २ च्या पहिल्याच महिन्यात मुलं रडकुंडीला येतात. म्हणून त्या वर्षी आठवड्यातून दोनदा २० मिनिटं जुना अल्जिब्रा चालू ठेवा. प्रकरण संपलं की घड्याळ लावून, पुस्तक मिटून चाचणी घ्या; ८५ टक्क्यांच्या खाली आली तर पुढचं प्रकरण उघडू नका. शेजारी बसून ‘आता पुढची पायरी कुठली?’ असं विचारत सोडवून घेतलेलं गणित ‘आलं’ असं धरू नये.

विज्ञान गणिताच्या मागोमाग चालू दे. नववीत बायॉलॉजी. दहावीत केमिस्ट्री, कारण पीएच समजायला लॉगरिदम लागतो आणि तो अल्जिब्रा २ मध्ये भेटतो. फिजिक्सला त्रिकोणमिती हवी, म्हणून ते अकरावीत. बारावीत कॅल्क्युलसच्या बरोबरीने एपी फिजिक्स सी, मेकॅनिक्स (एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्ये घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम).

एपीची परीक्षा मे महिन्यात असते, पण घरी शिकणाऱ्या मुलांना ती द्यायला शाळा शोधावी लागते. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे तुमच्या भागातल्या सरकारी शाळांच्या डिस्ट्रिक्टला, तिथे होणाऱ्या एपी परीक्षेला घरी शिकणाऱ्या मुलांना बसू द्यावं लागतं; खासगी शाळांवर मात्र ते बंधनकारक नाही. ऑगस्टमध्येच फोन सुरू करा. शाळांची एपी परीक्षांसाठी मागणी नोंदवण्याची मुदत नोव्हेंबरच्या मध्यात संपते. ट्रान्सक्रिप्टवर (चार वर्षांच्या गुणपत्रकावर) विषयाच्या नावात ‘एपी’ लिहायचं असेल तर तुमचा अभ्यासक्रम एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ऑडिटमधून (तपासणीतून) मंजूर करून घ्यावा लागतो.

प्रश्न: केमिस्ट्रीचे प्रयोग स्वयंपाकघरात केले तर चालतील का?

उत्तर: चालतील, मोजमाप खरं असेल तर. रंग बदलून दाखवणारे गमतीचे प्रयोग लॅब म्हणून धरू नका. व्हिनेगरचं टायट्रेशन घ्या, म्हणजे त्यातलं आम्ल किती ते अल्कली थेंबथेंब घालून मोजा: १० मिली पांढरं ५ टक्क्यांचं व्हिनेगर डिस्टिल्ड पाण्याने १०० मिली करा, त्यातलं २५ मिली फ्लास्कमध्ये घेऊन फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) दोन थेंब टाका आणि ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मोजनळीतून) ०.१ मोलरचं सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. सुमारे २१ मिलीला फिकट गुलाबी रंग टिकायला हवा. गडद गुलाबी झालं म्हणजे थेंब जास्त गेले. आकडा प्रत्येक वेळी थोडा जास्तच येत असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडची बाटली जुनी असेल: हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते कमजोर होतं. ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा आधी काढा, नाहीतर वाचन चुकतं. द्रावण तयारच विकत घ्या. गॉगल आणि हातमोजे प्रत्येक वेळी.

वही शिवलेली, लिखाण पेनने, चुकीच्या आकड्यावर एकच रेघ. कॉलेजने विचारलं तर दाखवायला हीच वही असते.

प्रश्न: आईने दिलेला ‘ए’ कॉलेज मानेल का?

उत्तर: एकट्या त्यावर विसंबू नका. अकरावी-बारावीत कम्युनिटी कॉलेजमध्ये (जवळच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजमध्ये) एक गणित आणि एक लॅबवालं विज्ञान घ्या. मात्र ते गुण कायमचे नोंदले जातात, तेव्हा तयारी झाल्यावरच. एमआयटीने २०२२ मध्ये एसएटी किंवा एसीटी ही प्रवेशासाठीची परीक्षा पुन्हा सक्तीची केली, म्हणजे तिथे त्यातूनही सुटका नाही. कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच प्रवेशअर्जात) शाळेच्या समुपदेशकाची जागा पालक भरू शकतात. शिफारसपत्र मात्र घराबाहेरच्या शिक्षकाचं हवं, आणि ते देईल असा गणिताचा किंवा विज्ञानाचा शिक्षक अकरावीतच गाठा.