तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : तीन दिवसांत इम्प्लांट शिकता येतं का?

प्रश्न : मॅडम नमस्कार, बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) होऊन चार वर्षं झाली, गडहिंग्लजजवळ स्वतःचं क्लिनिक आहे. एमडीएसला (पुढची स्पेशालिस्ट पदवी) जमलं नाही. पेशंट आता स्वतःहून इम्प्लांटचं, म्हणजे जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचं, विचारतात आणि मला त्यांना कोल्हापूरला पाठवावं लागतं. मोबाईलवर रोज तीन दिवसांच्या कोर्सच्या जाहिराती येतात, सर्टिफिकेट, इम्प्लांट किटवर सूट, सगळं. करू का?
– एक दंतवैद्य, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : शिकाच, पण तीन दिवसांवर थांबू नका. आपल्याकडे इम्प्लांटची वेगळी एमडीएस शाखा नाहीये, तो विषय प्रोस्थो (कृत्रिम दात), पेरिओ (हिरड्या) आणि ओरल सर्जरीवाल्यांच्या अभ्यासक्रमात वाटला गेलाय, त्यामुळे बीडीएस झालेल्याला हे काम शिकायचं तर असे कोर्स हाच रस्ता उरतो, आणि म्हणूनच कोर्स निवडताना जास्त चिकित्सा करायला हवी.

साधी गोष्ट बघा. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू हाडाला धरायला साधारण तीन-चार महिने लागतात, वरच्या जबड्यात कधी त्याहून जास्त. मग तीन दिवसांच्या कोर्समध्ये तुम्ही स्क्रू बसवलेला बघाल, पण तो धरला की नाही, वर कॅप, म्हणजे दिसणारा दात, कशी बसली, हिरडी कशी दिसते, पेशंटला चावता येतंय का, हे कोण दाखवणार? स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना टायटॅनियम हाडाला चिकटतं हे १९५२ साली सशाच्या पायात दिसलं, पहिल्या पेशंटच्या तोंडात त्यांनी ते १९६५ मध्ये बसवलं आणि जगभरातल्या डॉक्टरांनी ते खऱ्या अर्थाने मान्य केलं १९८२ च्या टोरांटो कॉन्फरन्सनंतर. ज्या कामाची मुळं इतक्या सबुरीत आहेत ते शिकताना आपणही वर्षभर तरी द्यावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून फोन करून सरळ विचारा, माझ्या हाताने किती इम्प्लांट बसवून घेणार, शेजारी सीनियर उभा असणार का, त्याच पेशंटची कॅप चार महिन्यांनी मीच करणार का, आणि कोर्स संपल्यावर माझ्या क्लिनिकमधल्या केसचा सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) पाठवला तर कोणी बघून सांगणार का. यांची गोलमोल उत्तरं आली तर पैसे भरू नका. इम्प्लांट कंपनीच्या कोर्समध्ये शिकण्यासारखं असतं, पण तिथे त्यांची एकच सिस्टीम शिकवतात, मग प्रत्येक पेशंट त्याच सिस्टीममध्ये बसवायची सवय लागते. एमयूएचएसचे (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ) फेलोशिप कोर्स, आयएसओआय या भारतातल्या इम्प्लांट संघटनेचे कार्यक्रम आणि एएआयडी या अमेरिकेतल्या संघटनेचा ३०० तासांचा मॅक्सिकोर्स, हे सगळं पण बघून घ्या. आणि कुठलंही सर्टिफिकेट मिळालं तरी बोर्डावर स्पेशालिस्ट लिहू नका, तो हक्क मान्यताप्राप्त डिग्रीचाच.

शिकायला सुरुवात ड्रिलपासून करू नका, कॅपपासून करा. दात शेवटी कुठे दिसायला हवा ते आधी ठरवायचं आणि इम्प्लांटची जागा त्यावरून काढायची, पूर्वी जिथे हाड मिळेल तिथे स्क्रू जायचा आणि मग वरचा दात वाकडातिकडा बसवत बसायचं. सीबीसीटी स्वतः वाचायला शिका, रिपोर्टवर भिस्त ठेवू नका, खालच्या जबड्यातल्या नसेपासून निदान २ मिमी आणि शेजारच्या दातापासून दीड मिमी अंतर हे डोळ्यात बसलं पाहिजे. आणि ड्रिल करताना हाड थंड ठेवायला सलाईनचं पाणी! हाड ४७ अंशांवर एक मिनिटभर जरी तापलं तरी त्याला इजा होते हे १९८३ मध्येच दाखवलं गेलंय, तरी बोथट झालेली ड्रिल वापरून घाई करणारे आहेतच. हात बसेपर्यंत बकऱ्याच्या जबड्यावर भरपूर काम करा.

तुमच्या भागात मिशरी, तंबाखू, शुगर हे तिन्ही असणार. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) बघितल्याशिवाय हात लावू नका, हाडं ठिसूळ होतात म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू आहे का ते आवर्जून विचारा. आयटीआय ही इम्प्लांटची आंतरराष्ट्रीय संघटना केसचे सोप्या, अवघड आणि गुंतागुंतीच्या असे तीन गट करते, पहिली काही वर्षं फक्त सोप्या घ्या. पुढचा वरचा दात, सायनसजवळचं हाड, अशा केस कोल्हापूरलाच पाठवा पण स्वतः सोबत जा, तिथे असिस्ट करा, त्यातून जे शिकाल ते हॉटेलच्या हॉलमधल्या कुठल्याच कोर्समध्ये मिळणार नाही.

प्रश्न : मुलं लहान होती म्हणून प्रॅक्टिस बंद होती, आता पुन्हा सुरू करतेय. कॉस्मेटिकमध्ये जायचंय. व्हिनिअर्सचा (दातावर चिकटवायची पातळ आवरणं) कोर्स करू का डिजिटल स्माईल डिझाईनचा (कॉम्प्युटरवर हसू आखणं)?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) आणि फोटोग्राफी. कॉम्पोझिटमध्ये आपण दातावर भर घालतो, घासत नाही, त्यामुळे चुकलं तर काढून परत करता येतं, आणि शेड, आकार, दाताची कडा कशी पारदर्शक दिसते हे सगळं तिथेच कळतं. व्हिनिअरसाठी एनॅमल एकदा घासलं की परत येत नाही. मुली फोटो घेऊन येतात, मला असे दात हवेत, वय बावीस आणि दात एकदम धडधाकट, तिथे ब्लीचिंग किंवा अलाइनर (दात सरळ करायचे पारदर्शक साचे) सुचवता आले पाहिजेत आणि नाहीही म्हणता आलं पाहिजे. जो कोर्स वॅक्सअप आणि मॉकअप नीट शिकवतो, म्हणजे दाताला हात लावायच्या आधी पेशंटला आरशात नवीन हसू दाखवायचं, तो घ्या. स्माईल डिझाईनचं सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे पाण्यातल्या फ्लोराईडने डाग पडलेले दात घेऊन कितीतरी तरुण पोरं येतात, त्यांचं मायक्रोअॅब्रेजनवर, म्हणजे डागाचा वरचा पातळ थर घासून काढण्यावर, बरंच काम होतं, खर्चही कमी, हे खरंतर प्रत्येकाला यायला हवं आणि जाहिरातीत ते कुठेच नसतं याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : वेबिनारचे सीडीई पॉईंट (दंतवैद्यांच्या पुढच्या शिक्षणाचे गुण) धरतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : डेंटल कौन्सिलने त्या कार्यक्रमाला पॉईंट मंजूर केले असतील तरच, त्यामुळे नाव नोंदवायच्या आधी विचारा, नंतर भांडून उपयोग नसतो. आणि पॉईंट रजिस्ट्रेशनसाठी आहेत, हात बसण्यासाठी वेगळं शिकावंच लागतं.

प्रश्न : मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. आईला दोन इम्प्लांट सांगितलेत. डॉक्टर नीट शिकलेले आहेत हे आम्ही कसं ओळखायचं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बिनधास्त विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही. याआधीच्या अशा केस दाखवा म्हणा, कॅप घालून दोन-तीन वर्षं झालेल्या असतील तर उत्तम. सीबीसीटी स्क्रीनवर दाखवून समजावतात का, आईच्या शुगरचं आणि गोळ्यांचं विचारलं का, दर सहा महिन्यांनी तपासायला बोलावणार का, हे बघा. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, साईज आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, त्यातलं एक आईच्या फाइलला लावून मागा, कारण पाच-सात वर्षांनी वरचा स्क्रू ढिला झाला आणि तुम्ही दुसऱ्या गावात असाल तर तिथल्या डॉक्टरला नेमकं कुठलं हत्यार लागेल ते त्या स्टिकरवरूनच कळतं.