कॅमेऱ्यासाठी ठेव मोडावी का?

फोंड्याचे एक वाचक शिक्षक आहेत. हातात येणारा पगार ४६ हजार, घरखर्च २८ हजार, आणि ७ टक्के व्याजाची ८ लाखांची मुदत ठेव, जिची मुदत संपायला १४ महिने आहेत. गावातल्या नाट्यमंडळाच्या कलाकारांना घेऊन पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट करण्याचा त्यांचा मनोदय असून, त्यासाठी ठेव मोडून साडेपाच लाखांचा कॅमेरा व लेन्स घ्याव्यात का, असे त्यांनी विचारले आहे.

चित्रपट जरूर करावा, कॅमेरा मात्र घेऊ नये. २०१५ मधील ‘टँजरीन’ हा अमेरिकी चित्रपट लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर आयफोन ५एसवर चित्रित झाला, तरी त्याला सुमारे १ लाख डॉलर लागले. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग यांचा २०१८ चा ‘अनसेन’ आयफोन ७ प्लसवर झाला आणि त्याचा खर्च सुमारे १५ लाख डॉलर होता. कॅमेरा जवळजवळ फुकट असतानाही एवढा पैसा माणसांवर, जागांवर, आवाजावर आणि संकलनावर जातो, हे आपल्या प्रश्नात कुठेच दिसत नाही. शिवाय पेटीतून बाहेर काढल्या दिवसापासून कॅमेऱ्याची किंमत उतरू लागते, आणि आपण तो वर्षातून किती दिवस वापरणार? एखाद्या प्रसंगाला फोन खरोखरच अपुरा पडला, तर कॅमेरा दिवसाच्या भाड्याने मिळतो.

चांगला फोन आपल्याकडे असेलच, तेव्हा पहिला पैसा आवाजावर घालावा. चित्र थोडे धूसर असले तरी प्रेक्षक चालवून घेतो, पण संवाद कळला नाही तर उठतो. कलाकारांना लावायचे माइक, वेगळा रेकॉर्डर आणि तो सांभाळणारा जाणकार माणूस ही खरी गरज आहे. साठवणुकीचाही हिशेब करा: आयफोनवर प्रोरेस या कमी दाबलेल्या, संकलनाला सोयीच्या पद्धतीने ४के (अतिस्पष्ट) चित्रण केल्यास मिनिटाला सुमारे ६ जीबी लागतात, म्हणजे १०० मिनिटांच्या चित्रपटासाठी दसपट चित्रण धरले तर ६ हजार जीबी, आणि दोन प्रती ठेवल्यास त्याच्या दुप्पट. एचईव्हीसी या जास्त दाबलेल्या पद्धतीत हेच काम मिनिटाला सुमारे १७० एमबीत भागते.

आता ठेवीविषयी. मुदतीआधी मोडल्यास बँक सहसा ठेव प्रत्यक्ष जितका काळ राहिली त्या काळाचा दर लावून वर अर्धा ते एक टक्का कापते. त्याऐवजी ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तशी उचलायची रक्कम, घ्यावा. त्याचा दर बहुधा ठेवीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो आणि व्याज केवळ उचललेल्या रकमेवर बसते. अडीच लाख ८.५ टक्क्यांनी उचलले, तर वर्षाचे व्याज २१,२५० रुपये होते. पण तेवढ्याच रकमेवर ठेव १७,५०० रुपये मिळवत राहते, म्हणजे निव्वळ भार ३,७५० रुपयांचा. दरमहा १५ हजार भरल्यास ठेवीची मुदत संपेपर्यंत बहुतेक रक्कम फिटेल. अडीच लाखांच्या पुढे जाऊ नये, कारण त्याहून मोठी रक्कम या हप्त्यात मुदतीपर्यंत फिटणार नाही; शिवाय सहा महिन्यांच्या घरखर्चाचे १ लाख ६८ हजार अस्पर्श राहिलेच पाहिजेत.

उत्पन्न शून्य धरूनच हा हिशेब मांडला आहे. चित्रपटगृहात दाखवायचा असेल तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागेल, त्याचा खर्च आताच बाजूला काढावा. कलाकार आपलीच माणसे असली तरी मानधन आणि पुढे काही मिळाल्यास वाटणी यांचा करार कागदावर असावा. मंडळे फुटतात ती बहुधा याच ठिकाणी. आणि तारखा ठरवताना एवढे पाहा, की पावसाळ्यात कौलारू घरात संवाद ध्वनिमुद्रित होत नाहीत, आणि जत्रांच्या दिवसांत लाऊडस्पीकर रात्री उशिरापर्यंत ऐकू येतो.