‘दृश्यमानता’ऐवजी ‘चारचौघांत’: फलक लिहिताना अडलेले काही शब्द

ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचक मंडळाकडून प्रश्न आला आहे. मंडळ एक छोटं फलक-प्रदर्शन भरवतं आहे. मथळा ठरवला आहे ‘सार्वजनिक जीवनातील प्रभावी एलजीबीटी व्यक्तिमत्त्वांची दृश्यमानता’. विचारलं आहे ते असं: हा मथळा मराठी वाटतो का? नर्तिका आणि कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या फलकावर तृतीयपंथी, किन्नर, हिजडा, पारलिंगी यांपैकी काय लिहावं? ‘समलैंगिक असल्याची कबुली दिली’ हे चालेल का? आणि तो-ती-ते याचं काय करायचं?

मथळ्यातला प्रत्येक शब्द मराठी कोशात सापडेल, तरी मथळा मराठी झालेला नाही. ‘प्रभावी’ असतं औषध, उपाय, फार तर भाषण. ज्या माणसाच्या शब्दाला समाजात वजन असतं तो ‘प्रभावशाली’, आणि फलकावर ‘नामवंत’ जास्त सहज वाचलं जातं. ‘व्यक्तिमत्त्व’ हा माणसाचा गुण आहे, माणूस नव्हे. ‘एलजीबीटी व्यक्ती’ हेही एकवचनी तपासून पाहा: ही लेस्बियन, गे, बायसेक्शुअल आणि ट्रान्सजेंडर या चार गटांची आद्याक्षरं आहेत, एकच माणूस चारही असत नाही. समुदायाबद्दल बोलताना एलजीबीटी म्हणा. एका माणसाच्या फलकावर मात्र त्या माणसाला लागू असलेला शब्दच यायला हवा.

राहिली ‘दृश्यमानता’. हा शब्द धुक्याचा आहे. घाटात दृश्यमानता कमी झाली, धावपट्टीवर दृश्यमानता पाचशे मीटरवर आली, इथे तो चपखल बसतो. माणसं समाजात उघडपणे वावरतात, दिसतात, बोलतात, मत मागतात, यासाठी मराठीत ‘वावर’ आहे आणि त्याहून नेमका ‘चारचौघांत’ आहे. चारचौघांत बसणं, चारचौघांत बोलणं, चारचौघांत हसं होणं. घराबाहेरचं, पण ओळखीच्या नजरांसमोरचं असं जे सार्वजनिक जीवन, त्याला इतका अचूक शब्द दुसरा नाही. याच शब्दाचं स्त्रीरूप कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या संस्थेच्या नावात आहे: सखी चार चौघी. ‘चारचौघींसारखी’ म्हणजे कुठल्याही सामान्य बाईसारखी. पारलिंगी (जन्मवेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या) स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेने या नावाने 2000 सालापासून उभं राहावं, यात भाषेची जी जाण आहे ती आपल्या मथळ्यातही यावी. म्हणून सुचवतो: ‘चारचौघांत: एलजीबीटी समुदायातली नामवंत माणसं’. ‘सार्वजनिक जीवन’ हे शब्द वेगळे घालण्याची गरज उरत नाही.

आता ‘कबुली’. हा शब्द फलकावरून काढाच. मराठीत कबुली गुन्ह्याची, चुकीची किंवा कर्जाची असते. पोलीस ठाण्यातला कबुलीजबाब वाचकाच्या कानात आधीच बसलेला आहे. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं बाद केलं. म्हणजे आता हा शब्द कायद्याच्या भाषेतही बसत नाही. ‘मान्य केलं’ हे ‘कबुली’चंच मऊ रूप आहे, तेही नको. ‘जाहीर केलं’ चालेल, पण त्याला पक्षप्रवेशाचा आणि निकालाचा वास आहे. साधं ‘जाहीरपणे सांगितलं’ सर्वांत चांगलं. पत्रकार आणि कार्यकर्ते अशोक राव कवी यांच्या फलकावर असं लिहिता येईल: ‘आपण समलैंगिक आहोत हे त्यांनी 1986 साली एका मासिकाच्या मुलाखतीत जाहीरपणे सांगितलं.’ वाक्य एवढंच पुरे, ‘धाडसाने’ जोडू नका. 1986 हे साल आणि तेव्हा 377 लागू होतं ही माहिती शेजारी ठेवली की धाडस वाचकाला आपोआप कळतं.

आपली ओळख जाहीरपणे सांगणे यासाठीच्या इंग्रजी वाक्प्रचाराचं शब्दशः भाषांतर, ‘कपाटातून बाहेर येणे’, मराठीत निरर्थक आहे. आपल्याकडे कपाटात कपडे आणि दागिने असतात. ‘उघडपणे समलैंगिक’ ही रचनाही फसते. ‘उघडपणे’ क्रियेला लागतं: उघडपणे बोलला, उघडपणे विरोध केला. असण्याला ते जोडलं की काहीतरी निर्लज्जपणा चालल्याचा ध्वनी येतो. ‘आपली ओळख न लपवता वकिली करणारे’ अशी मोडणी केली की अर्थही येतो आणि मानही राहतो.

समलिंगी की समलैंगिक, हा उपप्रश्न पत्रात होता. दोन्ही रूढ आहेत. फरक करायचा असेल तर असा करावा: ‘समलिंगी’ दोघांमधलं नातं सांगतो, म्हणून समलिंगी विवाह, समलिंगी जोडपं. एकट्या माणसाबद्दल बोलताना ‘सम’ कोणाशी हा प्रश्न पडतो, तिथे कल सांगणारा ‘समलैंगिक’ बरा. ‘लैंगिक आवड’ किंवा ‘पसंती’ मात्र लिहू नये. आवड बदलता येते असं मराठी माणूस धरून चालतो. ‘लैंगिक कल’ लिहावं.

लक्ष्मी त्रिपाठींच्या फलकासाठी दिलेल्या चार शब्दांकडे वळतो. हे चार शब्द एकमेकांचे प्रतिशब्द नाहीत.

‘तृतीयपंथी’ हा आज महाराष्ट्रात सरकारी आणि वर्तमानपत्री शब्द आहे. ठाणे जिल्ह्याच्या मतदारसंख्येची बातमी पाहा, पुरुष आणि स्त्री यांच्यापुढचा तिसरा आकडा याच नावाने येतो. तिसऱ्या लिंगाला मान्यता देणाऱ्या 15 एप्रिल 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्याला कायद्याचं बळही आलं. संस्कृतात ‘तृतीया प्रकृती’ हा जुना शब्द आहे. मराठीने प्रकृतीच्या जागी ‘पंथ’ घेतला, आणि पंथ म्हणजे वाट किंवा संप्रदाय. त्यामुळे या शब्दाने गुरू-चेला परंपरेतला माणूसच डोळ्यांसमोर येतो. जन्मवेळी मुलगी म्हणून नोंद झालेला आणि आज पुरुष म्हणून जगणारा माणूस या शब्दात कोणालाच दिसत नाही. ही त्याची मोठी उणीव. लिहिताना एक सांभाळा: मूळ शब्द ‘तृतीयपंथी’ घेतला तर ‘तृतीयपंथींचे’, आणि ‘तृतीयपंथीय’ घेतला तर ‘तृतीयपंथीयांचे’. एकाच फलकावर दोन्ही नकोत.

‘पारलिंगी’ ही उणीव भरून काढतो. यातला ‘पार’ पारदर्शक आणि पारेषण या शब्दांतला आहे: या बाजूकडून त्या बाजूला. ‘परलिंगी’ लिहू नका. ‘पर’ म्हणजे दुसरा, अर्थ थेट ‘भिन्नलिंगी’कडे घसरतो. सगळ्यांत जास्त गोंधळ पुढच्या शब्दाचा होतो. ‘पारलिंगी स्त्री’ म्हणजे जी आज स्त्री आहे ती, आणि ‘पारलिंगी पुरुष’ म्हणजे जो आज पुरुष आहे तो. अनेक जण उलटं समजतात, कारण ‘पारलिंगी’ हे विशेषण त्यांना ‘बदललेली’ असं वाटतं. शेवटचा शब्द आजची ओळख सांगतो, एवढं लक्षात ठेवलं की चूक होत नाही. शस्त्रक्रिया झाली की नाही हा फलकाचा विषयच नाही. ओळखीच्या कायदेशीर मान्यतेसाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही, हे 2014 च्या त्याच निकालात आहे.

‘किन्नर’ हिंदीतून आला. पुराणातले किन्नर हे देवलोकीचे गायक, त्यामुळे शब्दाला प्रतिष्ठा आहे. मात्र हिमाचलातल्या किन्नौरच्या लोकांचंही ते नाव आहे. मराठी फलकावर तो सामान्यनाम म्हणून वापरायची गरज नाही. विशेषनामात आला तर तसाच ठेवा, जसं की 2015 साली लक्ष्मींच्या पुढाकाराने स्थापन झालेला किन्नर आखाडा.

आणि ‘हिजडा’. ठाणे-वाशी लोकलमध्ये हा शब्द शिवी म्हणूनच कानावर पडतो. पण हाच शब्द एका जुन्या, घराण्यांत बांधलेल्या समाजाचं नाव आहे, आणि लक्ष्मी त्रिपाठींनी तो स्वतःच्या मराठी आत्मचरित्राच्या नावात घेतला: ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’, 2012. स्वतःसाठी स्वतः उच्चारलेला शब्द आणि दुसऱ्याने चिकटवलेला शब्द यांत फार अंतर आहे. म्हणून पुस्तकाचं नाव कुठलीही फुली न मारता पूर्ण छापा, पण मंडळाच्या स्वतःच्या वाक्यात ‘पारलिंगी कार्यकर्त्या’ किंवा ‘तृतीयपंथी समाजाच्या कार्यकर्त्या’ लिहा. ‘छक्का’ आणि ‘बायल्या’ या शब्दांना अशी दुसरी बाजू मराठीत नाही. ते निव्वळ शिव्या आहेत.

इथेच ‘उभयलिंगी’बद्दल सावध करतो, कारण भाषांतर-यंत्रं हमखास चुकतात. शाळेच्या पुस्तकात जास्वंदीचं फूल उभयलिंगी असतं: पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात. आपल्याकडे हाच शब्द स्त्री व पुरुष दोघांबद्दल आकर्षण असलेल्या माणसासाठीही वापरतात. आणि 2019 च्या पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात ‘उभयलिंगी व्यक्ती’ म्हणजे पारलिंगी व्यक्ती! एका शब्दाचे तीन अर्थ, शरीराचा, आकर्षणाचा आणि ओळखीचा. हिंदी मजकुरावरून फलक तयार केला तर हा शब्द जसाच्या तसा उचलला जाईल आणि वाचक भलतंच समजेल. आकर्षणासाठी ‘द्विलैंगिक’ लिहावं.

या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणं किती गरजेचं आहे ते द्युती चंद यांच्या उदाहरणात दिसतं. 2014 साली या धावपटूला संप्रेरकाच्या पातळीवरून स्पर्धेबाहेर ठेवलं गेलं. 2015 मध्ये क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला. हा शरीराचा मुद्दा. 2019 मध्ये त्यांनी आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं सांगितलं. हा आकर्षणाचा मुद्दा. दोन्ही गोष्टी एका वाक्यात ‘म्हणून’ने जोडल्या की वाक्य खोटं होतं. फलकावर दोन स्वतंत्र वाक्यं हवीत, मध्ये साल हवं.

आता तो-ती-ते. मराठीत तीन लिंगं आहेत, मग तिसरं वापरू, असं पत्रात सुचवलं आहे. कृपया नको. ‘ते आलं’ हे बाळाबद्दल, पोराबद्दल, वासराबद्दल म्हणतात. मोठ्या माणसाला नपुंसकलिंग लावलं की ते हिणवणं होतं. माणूस स्वतःबद्दल बोलताना ‘गेले’ म्हणतो की ‘गेलो’, ते ऐकावं आणि तेच पाळावं. लक्ष्मी, गौरी सावंत, कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्यासाठी ‘त्या’. बालपणाबद्दल लिहितानाही ‘त्या’च, अर्ध्या फलकावर ‘तो’ आणि अर्ध्यावर ‘त्या’ असं करू नका. ‘पूर्वाश्रमीचे अमुक’ असं जुनं नाव देऊ नका. मुलाखतीतून त्यांनी स्वतः दिलेलं असलं, तरी चार ओळींच्या फलकात त्याला जागा नाही.

ज्यांच्याबद्दल खात्री नसेल तिथे मराठी व्याकरणच वाट काढून देतं. आदरार्थी वर्तमानकाळात लिंग दिसत नाही: ‘काम करतात’. भविष्यकाळातही नाही: ‘बोलतील’. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं: ‘यांनी संस्था काढली’, ‘यांनी लेख लिहिले’. ‘त्यांनी, त्यांना, त्यांचं’ ही रूपं सर्वांना सारखी. अडचण येते ती अकर्मक भूतकाळात, कारण ‘आले-आल्या’ निवडावंच लागतं. शिवाय बोलणे, शिकणे, विसरणे, भेटणे ही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याच्या मागे जातात. तिथे वाक्य फिरवा. ‘भरतनाट्यम शिकल्या’ऐवजी ‘भरतनाट्यमचं शिक्षण घेतलं’. ‘जायचे-जायच्या’ऐवजी ‘जात असत’. पदनामांत पत्रकार, वकील, आमदार, सरपंच, महापौर ही सोयीची. लेखक-लेखिका, कार्यकर्ते-कार्यकर्त्या इथे निवड करावी लागते. आकारान्त विशेषणं लिंग उघड करतात, म्हणून ‘पहिला-पहिली’पेक्षा ‘ज्येष्ठ’, ‘प्रसिद्ध’, ‘नामवंत’. नावाआधी श्री., श्रीमती काहीच नको, पूर्ण नाव पुरे.

या युक्त्या खात्री नसतानाच वापरायच्या. लक्ष्मींच्या फलकावर ‘त्या’ टाळण्यासाठी कसरत केली तर तोही अपमानच, कारण त्या गेली कित्येक वर्षं स्वतःबद्दल स्त्रीलिंगीच बोलत आल्या आहेत.

‘देशातील पहिल्या’ हे शब्द मंडळाने पाठवलेल्या सहापैकी चार फलकांच्या मजकुरात आहेत. कशात पहिल्या, ते लिहा. मध्य प्रदेशात सोहागपूरमधून निवडून आलेल्या शबनम मौसी या पहिल्या तृतीयपंथी आमदार. 2015 साली छत्तीसगढमधल्या रायगढच्या महापौर झालेल्या मधू किन्नर यांचं क्षेत्र वेगळं. नुसतं ‘पहिल्या’ लिहिलं तर दोन फलक एकमेकांना खोटं पाडतील.

लक्ष्मींचा मजकूर असा करता येईल: ‘लक्ष्मी नारायण त्रिपाठी. जन्म ठाणे. भरतनाट्यम नर्तिका, पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्या. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या खटल्यात त्यांनी बाजू मांडली. मराठी आत्मचरित्र: मी हिजडा, मी लक्ष्मी.’ ओळखीचा शब्द एकदाच आला आहे, तोही कामाला जोडून.

मंजम्मा जोगती यांच्या फलकावर मात्र ‘जोगती’ला प्रतिशब्द देऊ नका. यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणी कोल्हापूर-सांगलीकडे घरोघर माहीत आहेत, आणि 2021 च्या पद्मश्रीच्या यादीत हेच नाव आहे. ठाण्याच्या वाचकासाठी खाली बारीक अक्षरात ‘यल्लम्माच्या सेवेला वाहिलेल्या लोककलावंत’ एवढी ओळ घाला.