कोल्हापूर रेल्वे स्थानकाचा विकास करताना जुनी इमारत पाडावी लागेल का?

नाही, गाड्या किंवा प्रवासी क्षमता वाढवण्यासाठी संस्थानकालीन इमारत पाडण्याची गरज नाही. स्थानकाची क्षमता दर्शनी इमारतीवर नव्हे, तर फलाटांची संख्या व लांबी, गाड्या उभ्या करण्याच्या आणि धुण्याच्या मार्गिका आणि मिरजेपर्यंतचा एकेरी मार्ग यांवर ठरते. कोल्हापूर हे शेवटचे स्थानक असल्यामुळे आलेली गाडी परत सुटेपर्यंत जागा अडवते, आणि खरी कोंडी तिथेच होते. १८९१ साली सुरू झालेला हा मार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने उभारला होता, शिवाय स्थानकाला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, त्यामुळे हा वारसा जपणे हे माझ्या मते आपले कर्तव्यच आहे. अमृत भारत स्थानक योजनेतही प्रतीक्षालय, लिफ्ट, पादचारी पूल आणि वाहनतळ अशा सुविधांवर भर आहे, आणि त्या जुन्या वास्तूच्या बाजूला करता येतात. त्याहून तातडीचे काम बाहेरचे आहे: मध्यवर्ती बसस्थानक इतके जवळ असूनही सामान घेऊन तिथे जाणाऱ्याला रिक्षा आणि खासगी वाहनांच्या गर्दीतून वाट काढावी लागते, तर रुळांपलीकडच्या राजारामपुरी भागातल्या प्रवाशाला रेल्वेमार्गाच्या परीख पुलाखालून वळसा घ्यावा लागतो, आणि जोराच्या पावसात तिथे पाणी साचते. सलग पदपथ, केएमटीचा (महापालिकेच्या शहर बससेवेचा) स्वतंत्र थांबा आणि राजारामपुरीच्या बाजूने सोयीचे प्रवेशद्वार एवढे झाले तरी रोजचा त्रास पुष्कळ कमी होईल. मात्र बांधकामाच्या तांत्रिक तपासणीत एखादा भाग धोकादायक ठरला, तर तेवढाच भाग मूळ शैलीत पुन्हा बांधावा लागेल.