उसातले नोड: आधी झोपवा, मग बोलू द्या

निपाणीकडच्या उसात ओलावा मोजायला आठ-दहा लोरा नोड (सेन्सर आणि कमी विजेत लांबवर थोडा डेटा पाठवणारा लोरा रेडिओ असलेली छोटी यंत्रं) लावताय, बेत चांगला आहे. सुरुवातीला मेश, राउटिंग, एन्क्रिप्शन सगळं बाजूला ठेवा. दोनच नोड घ्या.

रेडिओ मॉड्यूल 433 मेगाहर्ट्झचं नको. आपल्याकडे विनापरवाना 865–868 मेगाहर्ट्झ चालतं, त्यासाठी एसएक्स1276 ही लोरा चिप असलेलं घ्या. अँटेना न लावता पाठवायला गेलात तर रेडिओ जळू शकतो.

बॅटरी पाठवण्यापेक्षा ऐकण्यात जास्त संपते, हे नवख्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. रेडिओ सतत ऐकत राहिला तर साधारण 11 मिलीअँपिअर खातो, म्हणजे 2000 एमएएचची बॅटरी आठवडाभरात खलास. म्हणून रेडिओ आणि ईएसपी32 (नोड चालवणारा मायक्रोकंट्रोलर) दोन्ही झोपवा, दर 15 मिनिटांनी उठवा. तरी बॅटरी उतरतेय? बोर्डावरचा दिवा, यूएसबी चिप आणि रेग्युलेटर तपासा.

सगळे नोड एकाच ठोक्याला उठले की त्यांची डेटाची पाकिटं एकमेकांवर आदळतात. प्रत्येकाला 0 ते 10 सेकंदांचा यादृच्छिक उशीर द्या. पाठवण्याआधी सीएडीने (चॅनलवर दुसरं कुणी बोलतंय का हे तपासायची रेडिओतली सोय) चॅनल मोकळा आहे का पाहा; नसेल तर पुन्हा उशीर. मध्ये टेकाड असेल तर दोन नोडना एकमेकांचं ऐकूच येत नाही, तिथे सीएडी फसतं, उशीरच कामी येतो.

रेंज कमी पडली की थेट एसएफ12 लावू नका (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: आकडा वाढवला की रेंज वाढते, पण पाठवणं सावकाश होतं). एकेक पायरीला हवेतला वेळ जवळपास दुप्पट होतो, बॅटरी आणि चॅनल दोन्ही अडतात. अँटेना उसाच्या शेंड्यावर न्या. भिजलेला पाला सिग्नल गिळतो (उन्हाळ्यातली चाचणी पावसाळ्यात धरू नका). मग एसएफ7 ते 9मध्ये बघा.