पालापाचोळ्यावरची ही छोटी गुलाबी अळंबी मायसेना आहे की मॅरास्मियस?

ताम्हिणीत पाचोळ्यावर नखाएवढी गुलाबी-जांभळट टोपी, खाली काळा बारीक दांडा, एवढ्यावरून मायसेना आणि मॅरास्मियस ह्या छोट्या अळंब्यांच्या दोन गटांपैकी मी मॅरास्मियस म्हणेन, बहुतेक त्यातली मॅरास्मियस हिमॅटोसेफॅलस ही जात. पण तुमचा फोटो वरून काढलाय ना, तिथेच घोळ आहे. सगळे वरूनच काढतात, टोपी दिसते सुंदर, पण ओळख पटते ती खालून.

रंगाच्या फार मागे लागू नका, तीच अळंबी कोवळी असताना गडद आणि चार पाऊस खाल्ले की फिकट. उलटी करून गिल्स, म्हणजे टोपीखालच्या पातळ पट्ट्या, बघा, ह्या मॅरास्मियसच्या अगदी विरळ असतात, उभ्या उभ्या मोजता येतील इतक्या, आणि टोपीला वरून घड्या पडलेल्या दिसतात. मग दांडा हळूच वाकवा. मॅरास्मियसचा चिवट, तारेसारखा वाकतो, मायसेनाचा पोकळ आणि नाजूक, पटकन तुटतो, काही जातींत तर तुटल्यावर दुधासारखा किंवा रंगीत रस येतो. अजून एक गंमत, मॅरास्मियस उन्हाने सुकून चिमली तरी परत भिजली की टवटवीत होते, घरी बशीत पाणी घेऊन करून बघा. मायसेना एकदा लोळली की संपली.

उगवली कशावर हे पण लिहून ठेवा, पान, काटकी, कुजकं खोड की माती. वारुळाच्या आसपास मातीतून शेकड्याने छोट्या पांढऱ्या आल्या असतील आणि टोपीच्या मधोमध टोक असेल तर ती टर्मिटोमायसीस मायक्रोकार्पस नावाची वेगळी अळंबी असू शकते, तो वेगळाच विषय.

स्पोर प्रिंट, म्हणजे गिल्समधून गळणाऱ्या बीजाणूंचा ठसा, घ्यायचा तर टोपी गिल्स खाली करून अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवा, वर वाटी झाका, सकाळी बघा. मायसेना आणि मॅरास्मियस दोन्हींचा पांढराच येतो, म्हणजे ह्या दोघींत निकाल लागणार नाही, पण कॉप्रिनेलस किंवा एंटोलोमा अशा दुसऱ्या गटातली निघाली, तर कॉप्रिनेलसचा काळपट आणि एंटोलोमाचा गुलाबी येईल, तेवढा संशय तरी मिटेल. नेमकी जात सांगायला मात्र मायक्रोस्कोपच लागतो, हिमॅटोसेफॅलसच्या टोपीच्या सालीत झाडूच्या आकाराच्या पेशी दिसतात.

आणि खाता येते का विचारलंत, तर फोटो बघून मी कुठल्याच अळंबीला हो म्हणणार नाही, आणि ह्या एवढ्याशा टोपीत खाण्यासारखं आहे तरी काय!